आवाज न काढण्याच्या अटीवर

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या आणि शेजारणीच्या घराची भिंत एकच होती, आणि तीही नावापुरती. पलीकडे चमचा पडला तर तो चहाचा की भाजीचा, हे अलीकडे कळायचं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नवरा वर्क परमिटवर आलेला. रोज सकाळी एम-फोर हायवेच्या कडेच्या बिझनेस पार्कमध्ये जायचा आणि संध्याकाळी तोच चेहरा घेऊन परत यायचा. मी डिपेंडंट. पासपोर्टातल्या शिक्क्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, त्यामुळे माझा काही गैरसमज नव्हता. मुलगी चार वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली.

शेजारीण स्पॅनिश. इथल्या हॉस्पिटलांना तेव्हा नर्स कमी पडत होत्या, म्हणून त्या स्पेनहून आणत. आमच्याकडून डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाले, तिकडून नर्सेस, अशी खरेदी चालली होती. ही पंचेचाळिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची. भांडी घासताना गायची. आवाज खालचा, जाड, खरखरीत. सिगारेटी ओढून आणि वॉर्डातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांशी ओरडून बोलून तो कमावलेला होता. गाणं रोज एकच आणि त्यातली चूकही रोज एकच. तिसऱ्या ओळीत सूर वर चढायला हवा, तिथे ही निम्म्यावर थांबायची आणि तिथेच मुक्काम करायची.

मी पुण्यात गाण्याच्या सात परीक्षा दिलेल्या. विशारद. कुणाचा सूर उतरलेला कानावर आला की मला चपलेत खडा गेल्यासारखं होतं. पंधरा दिवस सोसलं. सोळाव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता भिंतीकडे तोंड करून ती ओळ बरोबर गाऊन दाखवली. शब्द येत नव्हते, म्हणून नुसता आकार लावला.

पलीकडचा नळ बंद झाला. दोन मिनिटांत दाराची बेल वाजली. दारात ती, कोपरापर्यंत साबणाचा फेस. आता ही भांडणार म्हणून मी चेहरा कडक केला.

"ते तू गायलीस?" तिने तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "माझी आई अगदी तसंच गाते. मला आयुष्यात जमलं नाही. सोमवारी माझ्याकडे ये. आम्ही नऊ जणी आहोत."

गावात मराठी मंडळ होतं, नाही असं नाही. तिथे गणपतीत मी एकदा गायले होते. "वहिनी, फक्त फाइव्ह मिनिट्स हं, मग पुरीभाजीचा काउंटर ओपन करायचाय," असं सांगून मला स्टेजवर बसवलं. यमनचा आलाप जरा कुठे रंगतोय तोवर हॅरोहून आलेल्या एका डॉक्टरांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, "सिल्व्हर कलरची गाडी कुणाची आहे? एक्झिट ब्लॉक होतेय." गाडी माझ्याच नवऱ्याची निघाली. तेव्हापासून मंडळात मी फक्त जेवायला जात असे.

म्हणून सोमवारी शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेले. नऊ स्पॅनिश नर्सेस, एक टेबल, मधोमध बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. आधी खाणं, मग हॉस्पिटलातल्या मॅनेजरला शिव्या, मग गाणं. गाण्याची तऱ्हा मला पहिले दोन महिने समजलीच नाही. आपल्याकडे पाच बायका मिळून गातात तेव्हा पाचही जणी एकच गाणं गातात. इथे अर्ध्या एक गात, बाकीच्या दुसरंच काहीतरी, आणि शेवटी सगळ्या एकमेकींकडे बघून खूष. मला खालच्या आवाजाच्या बायकांत, म्हणजे आल्टोंत, शेजारणीजवळ उभं केलं. मला वाटलं, मुख्य गाणं वरच्या बायकांकडे आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं. मी सारखी वरच्यांच्या चालीत शिरायची. मग शेजारीण आपलं बोट सरळ माझ्या डाव्या कानात घालायची आणि उजव्या कानापाशी तोंड आणून आपला सूर धरायची.

सूर धरायची म्हणजे काय, तर तिला आल्टोंची अख्खी चाल येतच नव्हती. त्यातला जो खालचा सूर सारखा परत परत येई, तो ती पकडायची आणि सोडायची नाही. बाकी बायका इकडे तिकडे फिरून तिच्यापाशी परत यायच्या. मला लगेच ओळख पटली. हा आमचा तानपुरा. मनातल्या मनात मी तिला तेच म्हणायला लागले, आणि त्यात कौतुकापेक्षा थट्टाच जास्त होती. तानपुऱ्याला कोणी गवई म्हणत नाही.

स्पॅनिश शब्द मी देवनागरीत लिहून घ्यायची. आपले त आणि द त्यांना जवळचे, त्यामुळे माझे उच्चार चटकन बसले. माझी मुलगी शाळेतून सुटायच्या वेळी मी कोपऱ्यावरच्या लायब्ररीत पार्ट टाइम काम करायला लागले होते. शेजारणीची ड्यूटी पहाटेची, म्हणून मुलीला शाळेतून तीच आणायची. आमच्याच स्वयंपाकघरात बसून दोघी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरचे आकडे मोठ्याने म्हणायच्या, एकदा मराठीत, एकदा स्पॅनिशमध्ये. हे ती कशाच्या मोबदल्यात करत नव्हती. मीही कधी विचारलं नाही.

वर्षभराने स्वयंपाकघर पुरेना. शेजारणीने चर्चच्या हॉलची खेटे घालून परवानगी मिळवली. हॉलला लहान मुलांच्या ओल्या मोज्यांचा वास येई, कारण सकाळी तिथे पाळणाघर भरायचं. त्याच सुमारास मास्तर आला. तीस वर्षांचा, बारीक दाढीचा, युनिव्हर्सिटीत संगीतात पीएचडी करायला आलेला स्पॅनिश मुलगा. तो आम्हाला कंडक्ट करणार, असं शेजारणीनेच ठरवलं, आणि त्याला पहिल्या दिवशी ऑम्लेटचा सर्वांत मोठा तुकडा दिला.

मास्तरने पहिल्यांदा मला धरलं. "तू एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना अँब्युलन्ससारखी जातेस," तो म्हणाला. "जिना चढ. पायऱ्या." ज्या मींडेसाठी मी सात वर्षं गुरुजींच्या शिव्या खाल्ल्या, ती या पोराच्या लेखी अँब्युलन्स. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, परत जाणार नाही. पुढच्या सोमवारी सर्वांत आधी पोचले.

पोरगा हुशार होता, हे मान्य करायला हवं. आम्ही सुधारलो. गावातल्या एका संगीत महोत्सवात गायलो, तिथे बक्षीस मिळालं. लोकल पेपरात फोटो आला. त्यात आम्ही सगळ्या स्पॅनिश नर्सेस आहोत असं छापलं होतं, माझ्यासकट. मग इंग्रज यायला लागले. निवृत्त शिक्षिका, एक दाताचे डॉक्टर, एक अकाउंटंट आणि त्याची बायको. हे लोक सुट्टीत स्पेनला दोन आठवडे जाऊन आलेले असत आणि इंग्लंडमध्ये जगण्यात मजा नाही असं त्यांचं मत असे. अकाउंटंटची बायको रिहर्सलला केसांत कागदाचं लाल फूल खोचून यायची. ती त हा उच्चार कायम ट असाच करायची, पण हातांच्या हालचाली मात्र अशा करायची की खऱ्या स्पॅनिश बायका आपापल्या हातांकडे संशयाने बघू लागल्या.

चार वर्षांत आम्ही दहाच्या चाळीस झालो. काळ्या फाइली आल्या. काळे कपडे आले. कमिटी आली, कमिटीचा अजेंडा आला. गाण्याआधी वीस मिनिटं आम्ही जांभया देणं, ओठ फडफडवणं आणि स्वतःच्या गालांना मालिश करणं हे प्रकार करू लागलो, ज्याला वॉर्म-अप म्हणत. कमिटीने ऑम्लेट बंद केलं. कुणाला अंडं चालत नाही, कुणाला तेल घशाशी येतं, आणि हॉलच्या इन्शुरन्समध्ये घरचं शिजवलेलं अन्न बसत नाही. त्याऐवजी बिस्किटं आली. शेजारणीने ठरावाच्या बाजूने हात वर केला, कारण तिला ठराव नीट समजलाच नव्हता.

नर्सेस गळत गेल्या. कुणी परत गेली, कुणाची ड्यूटी बदलली, कुणी म्हणाली, सोमवारी शाळेत गेल्यासारखं वाटतं. शेवटी आमच्या स्पॅनिश क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, स्पॅनिश माणसं उरली पाच, मास्तरला धरून. त्याच वर्षी एका स्पर्धेत परीक्षकबाईंनी आमच्या कागदावर लिहिलं की इतका ऑथेंटिक आवाज त्यांनी इंग्लंडमध्ये ऐकला नव्हता. अकाउंटंटची बायको तो कागद लॅमिनेट करून घेऊन आली.

मग कॅथीड्रलचं आमंत्रण आलं. पाऊण तासावरच्या गावातलं जुनं, मोठं कॅथीड्रल, दुपारचा कार्यक्रम, अख्खा तास फक्त आमचा. कमिटी आनंदाने आजारी पडायच्या बेताला आली. शेजारणीने दुसऱ्याच दिवशी फोन कार्ड विकत आणलं आणि आईला फोन लावला. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं. आई ऐंशीला टेकलेली. आपला गाव सोडून कधी कुठे गेली नव्हती, विमानात बसली नव्हती, आणि मुलगी परदेशात म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते याचं तिला मनातून वाईट वाटायचं. ते शेजारणीनेच मला सांगितलं होतं. आता ती मुलीला कॅथीड्रलमध्ये गाताना बघायला येणार होती. पुढचे आठ दिवस शेजारीण भेटेल त्याला हेच सांगत होती, वॉर्डातल्या पेशंटांनासुद्धा.

आणि मास्तरने परीक्षा जाहीर केली. कॅथीड्रलमध्ये फक्त तीस जण उभे राहणार. नोटेशन वाचण्याची परीक्षा तो घेणार, आणि कानाची, म्हणजे ऐकलेला सूर तसाच काढून दाखवण्याची, मी. "तुझ्यासारखा कान इथे कुणाला नाही," तो म्हणाला. "मार्क कसे द्यायचे ते तूच ठरव."

मला कुणी इतक्या सहज हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नव्हतं. आयुष्यभर मी टेबलाच्या या बाजूला बसलेली, पलीकडे परीक्षक पान चघळत बसलेले. आता मी पलीकडे. मी डिपेंडंट, मी पार्ट टाइम, पुरीभाजीच्या आधीची पाच मिनिटं असलेली मी, आणि दाताचे डॉक्टर माझ्यासमोर हात बांधून उभे. मी शंभर मार्कांचा पेपर काढला. पासिंग पस्तीसला ठेवलं, कारण पासिंग पस्तीसलाच असतं. मास्तरने कौतुकाने विचारलं, पस्तीसच का? मी म्हटलं, "आमच्याकडे सायंटिफिकली तसंच असतं."

परीक्षा चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत झाली. मी सगळं कसं घेतलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असं ठरवलं होतं. अकाउंटंटच्या बायकोला एकसष्ट मार्क पडले. तिचा कान खरंच बरा होता, याचं मला दुःख झालं.

शेजारीण ड्यूटीवरून सरळ आली होती. पायांत वॉर्डातले पांढरे बूट. माझ्याकडे बघून हसली आणि मी हसले नाही. मी पेटीवर, म्हणजे तिथल्या जुन्या पियानोवर, सूर वाजवला. तिने काढला तो जरा खाली. दुसरा वाजवला, तोही खाली. एकटीला गायला लावल्यावर तिचा आवाज हलायला लागला. चाळीस जणांच्या मधोमध खांब रोवल्यासारखी उभी राहणारी बाई त्या खोलीत एकटी पडल्यावर थरथरत होती. शेवटी मी तिचं तेच भांड्यांचं गाणं म्हणायला सांगितलं, मदत म्हणून. तिसऱ्या ओळीत ती निम्म्यावर थांबली, नेहमीसारखी.

बत्तीस. मी दोनदा बेरीज केली. बत्तीसच होते.

आता हे लिहायलाच हवं. पुण्यात तिसऱ्या परीक्षेत मलाही बत्तीसच मिळाले होते. घसा बसला होता, तान मध्येच तुटली. परीक्षक साताऱ्याकडचे, वयस्कर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि माझ्या समोर तीन ग्रेस मार्क लिहून पस्तीस केले. वर म्हणाले, "पोरी, ज्येष्ठमध चघळत जा." त्या तीन मार्कांवर माझं पुढचं विशारद उभं आहे. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. आणि त्या दिवशी पेन्सिल हातात असताना मला ती आठवली होती. आठवली नसती तर मी स्वतःला माफ केलं असतं. आठवली, आणि मी मनात म्हटलं, ओळखीच्या माणसाला मार्क वाढवून दिले तर आपली काय किंमत राहील? मी बत्तीसखाली रेघ मारली.

मास्तरच्या नोटेशनमध्ये ती नापास होणारच होती, तिला वाचताच येत नव्हतं. पण दोन्हींतला एक पेपर सुटला असता तरी ती कॅथीड्रलमध्ये उभी राहिली असती. नियम तसा होता, आणि तोही मीच सुचवलेला, एटीकेटीसारखा. निकालाची ईमेल 'पॅनेल'च्या सहीने गेली. पारदर्शकता म्हणून मास्तरने प्रत्येकाला त्याची मार्कांची चिठ्ठीही परत दिली. त्या चिठ्ठ्यांवर मी सवयीने मराठी आकडे लिहिले होते. मला वाटलं, बरंच झालं, इथे कुणाला ते वाचता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा मुलगी एकटीच टीव्हीसमोर होती. शेजारीण नुकतीच गेली होती.

"आई, आंटी किचनमध्ये रडत होता," मुलगी म्हणाली. "मी त्याला टिशू दिला."

मी तिचं मराठी सुधारलं नाही. एरवी लगेच सुधारते.

पुढच्या रिहर्सलपासून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. साथीला वाद्य नसे. मास्तर नादकाटा, शाळेत विज्ञानाच्या तासाला असायचा तो, गुडघ्यावर आपटून सुरुवातीचा सूर द्यायचा. गाणं संपल्यावर परत आपटून बघायचा. आधी आम्ही सुरू करायचो त्याच सुरावर संपायचो. आता दर गाण्याअखेर अर्धा सूर खाली. मास्तरने श्वास तपासले. खिडक्या उघडल्या, मग बंद केल्या. कमिटीने केळी आणली, पोटॅशियमने आवाज टिकतो म्हणून. तीस माणसं काळ्या फाइली घेऊन केळी खात उभी, आणि सूर आपला दर सोमवारी जिना उतरतोय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं काय झालंय ते. क्वायरमधला तानपुरा मी घरी पाठवला होता. हे मास्तरला सांगायचं म्हणजे माझा पेपर चुकला असं म्हणायचं. मी केळं खाल्लं.

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी शेजारीण आमच्याकडे आली. परीक्षेनंतर पहिल्यांदाच मी घरी असताना. मुलीला मात्र ती रोज आणत होती. मी चहा टाकला. ती बसली नाही.

"मी आईला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तिकीट झालंय. तिने कोट शिवून घेतलाय. मला शेवटच्या रांगेत उभं राहू दे. मी गाणार नाही. नुसते ओठ हलवीन. तो तुझं ऐकतो, तू त्याला विचार."

"आई कधी येतेय?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. रकान्यांवरून बोट फिरवत नेलं आणि एका चौकोनावर ठेवलं. "तेवीस," ती मराठीत म्हणाली. अडखळली नाही. आमचे आकडे तिला माझ्या मुलीइतकेच सहज वाचता येत होते. ती चिठ्ठी तिने केव्हाच वाचली होती. मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. चहा उतू गेला.

ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही माझ्या परीने भांडले असते, भांडणात मी कमी नाही. तिने ओट्यावरचा चहा पुसला आणि गेली.

मास्तर आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. "पण एक अट," तो म्हणाला. "आवाज अजिबात नको. एक सूरही नको. रेकॉर्डिंग होणार आहे. तिला नीट समजावून सांग." मी तेव्हा त्याला सांगू शकत होते की अरे बाबा, तिच्याशिवाय आपण बुडतोय. तोंड उघडलंही होतं. पण तो म्हणाला, "तुझ्यामुळे क्वायरला शिस्त आली," आणि मी तोंड मिटलं. अट मीच जाऊन तिला सांगितली. ती म्हणाली, "प्रॉमिस."

तेवीस तारखेला आई आली आणि दोन दिवसांनी कार्यक्रम झाला. कॅथीड्रल भरलं होतं. आमच्या मंडळातलेही काही जण आले होते, हॅरोचे डॉक्टर धरून, कारण फुकट होतं. पहिल्या रांगेत शेजारणीची आई. बुटकी, रुंद खांद्यांची, नव्या काळ्या कोटात, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. शेजारीण शेवटच्या रांगेत आणि तिच्या शेजारी मी. ती जागा मी मागून घेतली होती. निदान एवढं तरी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

पहिली चार-पाच गाणी निभावली. दर गाण्यानंतर मास्तर हळूच नवा सूर द्यायचा, खाली गेलेलं लोकांना कळायचं नाही. शेवटचं गाणं लांबलचक होतं. पाच कडवी नुसती आमची आणि पाचव्यानंतर कॅथीड्रलचा भलामोठा ऑर्गन येऊन मिळणार. ऑर्गन काही आमच्यासाठी खाली उतरणार नव्हता.

दुसऱ्या कडव्यात आम्ही घसरायला लागलो. तिसऱ्यात मला स्पष्ट ऐकू आलं. मी एकटीने वर ओढायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज पातळ, तो त्या दगडी छपराला पुरला नाही. मी शेजारणीला कोपर मारलं. ती ओठ हलवत राहिली. शब्द एकूण एक बरोबर, तोंड मोठं उघडलेलं, छाती वरखाली, आणि आवाज नाही. "गा," मी कडव्यांच्या मध्ये कुजबुजले. "मी सांगतेय. गा." तिने नकाराची मान हलवली. तिचे डोळे आईवर होते. तिने शब्द दिला होता आणि तो मीच तिच्याकडून घेतला होता. चौथं कडवं, पाचवं. माझ्या हाताला लागून तो खालचा, जाड सूर उभा होता आणि तोंडातून बाहेर येत नव्हता.

मग ऑर्गन वाजला. अर्ध्या सुराचं अंतर, ते काय असतं, हे ज्याला कान आहे त्यालाच कळेल. मास्तरचा चेहरा पिठासारखा झाला. आम्ही तीस जण आणि तो ऑर्गन, दोन वेगवेगळ्या गावांना निघाल्यासारखे शेवटपर्यंत गेलो. नंतर टाळ्या, उभं राहून. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले की शेवट किती धाडसी होता, फारच मॉडर्न. हॅरोच्या डॉक्टरांनी मला लांबूनच अंगठा दाखवला.

बाजूच्या खोलीत चहा आणि बिस्किटं होती. मी निघून जाणार होते, तेवढ्यात शेजारीण आईला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. म्हातारीने माझे दोन्ही हात हातात घेतले. भिंतीपलीकडून बरोबर गाणारी ती तू, असं काहीतरी म्हणाली. मग मुलीकडे वळून तिने बरंच काही सांगितलं, एकदा गालावर हात फिरवला आणि माझ्याकडे बोट करून हे हिलाही सांग म्हणाली.

शेजारणीने इंग्रजीत सांगितलं, अगदी सावकाश, पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं. "आई म्हणते, इतक्या लोकांत तिला माझा आवाज वेगळा ऐकू आला. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी बिस्किटाची बशी धरून उभी होते.

"तिला सांग ना," शेजारीण म्हणाली. "तुझा कान चांगला आहे. तू माझ्या शेजारीच होतीस. कसा लागला माझा सूर?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हता. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"बरोबर लागला," मी म्हटलं. "आज आमच्यात तेवढा एकच बरोबर लागला."

शेजारणीने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं आईला सांगितलं. इतकं स्पॅनिश मला तोवर येत होतं.